भाच्याला बेसबॉलचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) व्हायचे आहे. ही कारकीर्द नेमकी चालते कशी?

गिरगावकर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नसून माझ्या भाच्याचा आहे. परंतु त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, तो माझ्या गळ्यात घातला आहे. मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीला, वाणिज्य शाखेत आहे आणि आझाद मैदानावर क्रिकेट खेळतो. फलंदाजी बेताची, गोलंदाजी मध्यमगती. मात्र सीमारेषेवरून त्याने फेकलेला चेंडू टप्पा न पडता यष्टिरक्षकाच्या हातात जातो, तेव्हा बाजूच्या सामन्यातले खेळाडूही मान वळवून पाहतात. (आझाद मैदानावर बाजूचा सामना म्हणजे आपल्याच पॉइंटच्या पाठीला पाठ लावून उभा असलेला त्यांचा मिडविकेट, हे जाणकारांना सांगायला नको.)

जपानी बेसबॉलपटू शोहेई ओतानीचा दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार त्याच्या वाचनात आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. "मामा, मला फेकता येते, मग मी पिचर का होऊ नये?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मला बेसबॉलमधले काहीच कळत नाही. पिचरची व्यावसायिक कारकीर्द कोठून सुरू होते, कोणत्या पायऱ्यांनी वर जाते, मधल्या वर्षांत पोट कशावर भरते आणि ती कशामुळे संपते, हे कोणी नीट समजावून सांगेल काय? सतरा हे वय उशिराचे आहे काय, हेही सांगावे. नुसते "स्वप्न पाहू द्या" किंवा "खूळ काढून टाका" असे उत्तर नको, ते आमच्या सोसायटीत फुकट मिळते.

रात्रपाळी

गिरगावकर, मी अकरा वर्षे विक्रोळीच्या एका कार्यालयात अमेरिकी ग्राहकांसाठी रात्रपाळी केली आणि पहाटे चार ते सहा या मंद वेळेत बेसबॉल पाहायला शिकलो. मी खेळाडू नाही. जे लिहितो ते प्रेक्षकाच्या जागेवरून.

प्रथम ओतानीला बाजूला ठेवा. तो पिचरही आहे आणि फलंदाजही, आणि ते ७० कोटी दोन्ही कामांचे मिळून आहेत. शिवाय २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि २०२४ चा संपूर्ण हंगाम तो केवळ फलंदाज म्हणून खेळला. भाच्याने चित्रफिती पाहिल्या असतील, त्यांत हा भाग बहुधा नसावा.

आता पायऱ्या. अमेरिकेतल्या मुलांसाठी दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे मेजर लीगचे (तेथल्या सर्वोच्च लीगचे) तीस संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. पूर्वी त्याच्या चाळीस फेऱ्या होत, आता वीस होतात. निवड झाली म्हणजे मेजर लीगमध्ये प्रवेश झाला, असा आपल्याकडे गैरसमज आहे. निवड झालेला मुलगा सगळ्यांत खाली, संघाच्या सराव संकुलातल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये जातो; तेथून सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या चढल्यावर वरचे दार दिसते. एकेका पायरीवर एक-दोन वर्षे सहज जातात आणि बहुतेक पिचर ते दार न उघडताच घरी परततात. ही कारकीर्द म्हणजे मुख्यतः छोट्या गावांतला बसप्रवास आणि वाट पाहणे.

पैशाचे गणित तर फारच विषम आहे. या खालच्या पायऱ्यांवरच्या, म्हणजे छोट्या लीगच्या, खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला. त्यानुसार सर्वांत खालच्या पायरीवर वर्षाला किमान १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-ए मध्ये ३५,८०० डॉलर ठरले. करारापूर्वी तळाच्या खेळाडूला ४,८०० मिळत. ट्रिपल-ए च्या एकच पायरी वर, मेजर लीगमध्ये, २०२५ चे किमान वेतन ७,६०,००० डॉलर होते. म्हणून संघ तरुण पिचरला लिफ्टसारखा खालीवर नेतो. कोणाचा खांदा दुखला की याला वर बोलवायचे, आठ दिवसांनी परत खाली पाठवायचे, आणि पगार वरच्या दराने तेवढ्याच दिवसांचा द्यायचा. एका हंगामात हे पाच वेळांपेक्षा अधिक करता येत नाही, असा नियमच २०२२ मध्ये करावा लागला, यावरून काय चालत असेल ते समजून घ्यावे. वर टिकल्यावरही साधारण तीन वर्षे संघ देईल तो पगार घ्यायचा, त्यानंतर लवादाकडे जाता येते, आणि सहा वर्षांची सेवा भरल्यावर खेळाडू मोकळा होऊन बाजारात आपली किंमत मागू शकतो. वर्तमानपत्रांत येणारे आकडे या सहा वर्षांनंतरचे असतात. तोवर बहुतेकांची तिशी जवळ आलेली असते.

उशिराच्या प्रश्नावर मात्र मला थोडी आशा वाटते, आणि त्याचे कारण जेकब डीग्रॉम. हा महाविद्यालयात शॉर्टस्टॉप होता, म्हणजे आपल्या भाषेत आतल्या वर्तुळातला क्षेत्ररक्षक. लांबून जोरात आणि नेमके फेकतो म्हणून त्याला पिचर करून पाहिले. २०१० मध्ये नवव्या फेरीत निवड झाली, त्याच वर्षी कोपराचे लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारी पट्टी) गेले, शस्त्रक्रिया झाली, आणि मेजर लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तो २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्याच कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. तेव्हा फेकीवरून पिचर घडतो हे खरे; परंतु डीग्रॉम लहानपणापासून बेसबॉलच खेळत होता, हे विसरू नये.

कोपर_आणि_खांदा

मी दादरला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे क्रिकेटपटू आणि उरलेले संगणकासमोर बसणारे असतात. वरच्या प्रतिसादात कोपराचा उल्लेख तीनदा आला, तो योगायोग नाही.

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांपेक्षा अधिक सरळ करण्यास मनाई आहे. त्यामुळे वेगवान गोलंदाजाचा भार पाठीच्या कण्यावर आणि पुढच्या पायावर येतो, आणि माझ्याकडे येणारे गोलंदाज कंबर धरून येतात. पिचर चेंडू फेकतो. हात मागे जातो, खांदा बाहेरच्या बाजूला इतका वळतो की कोपरापुढचा हात जमिनीला जवळजवळ समांतर मागे पडतो, आणि तेथून तो सेकंदाला सुमारे सात हजार अंश या गतीने पुढे फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत जलद हालचालींत हिची गणना होते. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते, आणि त्याला धरून ठेवायला करंगळीपेक्षाही बारीक असे एक लिगामेंट असते. जवळचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून ते तगते. स्नायू थकले की सगळा ताण त्या एका पट्टीवर येतो.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचे असे निकामी झालेले लिगामेंट बदलले. त्यासाठी त्यांनी त्याच्याच दुसऱ्या मनगटातले एक टेंडन काढून वापरले. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा; मध्यभागी जी दोरी उभी राहते ती हीच, आणि काही लोकांना ती जन्मतः नसते.) यशाची शक्यता शंभरात एक असल्याचे जोब यांनी त्याला सांगितले होते. १९७५ चे वर्ष बुडाले, १९७६ मध्ये जॉन परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. त्याआधीच्या काळाशी तुलना करायची तर सँडी कोफॅक्स पाहा. १९६६ मध्ये त्याने २७ सामने जिंकले आणि त्याच हिवाळ्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातामुळे निवृत्ती घेतली.

या इतिहासाचा एक विपरीत परिणाम झाला आहे. शस्त्रक्रिया आता इतकी परिचित आहे की पालकांना ती सर्व्हिसिंग वाटते. आजच्या मेजर लीगमधल्या पिचरपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची ती झालेली आहे. परंतु पुन्हा सामन्यात फेकायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि जे परतलेच नाहीत त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. खुद्द मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये जो अहवाल काढला, त्यात वाढत्या दुखापतींचा दोष प्रत्येक चेंडू कमाल वेगाने टाकण्याच्या हव्यासाकडे प्रामुख्याने दिला आहे.

म्हणून भाच्यासाठी माझे सांगणे एवढेच आहे की फेकी मोजाव्यात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल (अमेरिकेची बेसबॉल संघटना) यांनी मुलांसाठी एक तक्ता केला आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने दिवसाला कमाल १०५ चेंडू टाकावेत. ३१ ते ४५ टाकल्यास एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन आणि त्यापुढे चार दिवस विश्रांती. आपल्या मैदानांवर सकाळी नेटमध्ये गोलंदाजी, दुपारी सामना, संध्याकाळी क्षेत्ररक्षणाच्या फेकी असा दिवस जातो आणि कोणीही काहीही मोजत नाही. गेल्या वर्षी एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावताच तो दचकला. प्रशिक्षकाने त्याला "गरम पाण्याने शेक आणि खेळ" असे सांगितले होते. त्या वयात तेथले हाड अजून पूर्ण जुळलेलेही नसते.

पार्कातला_अण्णा

एवढे सगळे वाचून दमलो. मुंबईच्या मुलाने कांगा लीग खेळावी, पावसात ओल्या खेळपट्टीवर चार विकेट काढाव्यात आणि सुखी असावे. जेथे एक धड मैदान मिळत नाही तेथे बेसबॉलचे डोहाळे कशाला?

सॉफ्टबॉल_मास्तर

अण्णा, डोहाळे आजचे नाहीत. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल कित्येक वर्षे खेळले जात आहेत. फक्त ते मुंबईपेक्षा बाहेरच्या जिल्ह्यांत अधिक जिव्हाळ्याने खेळले जातात, म्हणून शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर त्याची वार्ता नसते. मी शाळेत बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. आमच्याकडे बेसबॉलचे हातमोजे अकरा होते आणि त्यांतले चार डावखुऱ्यांचे, कोणी मागवले देव जाणे.

गिरगावकर, भारतातून कोणी गेले आहे काय, तर होय. २००८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटाने भारतात चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली. ती उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंह या डावखुऱ्या भालाफेकपटूने जिंकली. (कोलकात्याकडून खेळणारा क्रिकेटपटू वेगळा.) त्याचा चेंडू ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटरपर्यंत गेला होता. त्याला आणि दिनेश पटेल याला टॉम हाउस या प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने शिकवले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. त्या स्पर्धेपूर्वी दोघेही बेसबॉल खेळलेले नव्हते. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची अशी की पटेलला २०१० च्या अखेरीस मोकळे केले आणि तो परत आला. रिंकू चिकटून राहिला, तळापासून एकेक पायरी चढत वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघात पोहोचला आणि २०१२ च्या हंगामात ३९ सामन्यांत नऊ डावांमागे तीन धावा या सरासरीने त्याने फेकी केल्या. ही सरासरी चांगली समजली जाते. त्यानंतर हाताने दगा दिला, कोपराची तीच शस्त्रक्रिया झाली, वर्षामागून वर्ष उपचारांत गेले, आणि २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. एवढा गुणी मुलगा, परंतु मेजर लीगच्या दारापासून तीन पायऱ्या खालीच थांबला.

आता मार्गाविषयी. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथल्या मुलांसाठी आहे. बाहेरच्या मुलाशी संघ सोळाव्या वर्षापासून थेट करार करू शकतात, आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात तर तीसही संघांच्या स्वतःच्या अकादमी आहेत. तेथल्या सतरा वर्षांच्या मुलाने तोवर हजारो डाव पाहिलेले आणि शेकडो खेळलेले असतात. आपल्या भाच्याची स्पर्धा त्याच्याशी आहे. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या महाविद्यालयात प्रवेश घेण्याचा, मग परदेशी मुलगाही ड्राफ्टला पात्र ठरतो. त्याला मात्र फी, इंग्रजी आणि बारावीचे गुण तिन्ही लागतात. तेव्हा भाच्याला अभ्यासाला बसवण्यासाठी हे कारण बहिणीला जरूर सांगावे.

एक सावधगिरीही सांगतो. काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका संस्थेने "अमेरिकी संघांसाठी निवड चाचणी" म्हणून आमच्या शाळेतल्या सहा मुलांकडून प्रत्येकी अडीच हजार रुपये घेतले. चाचणी झाली टर्फच्या छोट्या फुटबॉल मैदानात, वेग मोजायचे यंत्र बंद होते, आणि प्रमाणपत्रावर मुलांची नावे चुकीची होती. खरा निरीक्षक मुलाकडून पैसे घेत नाही. मुंबई कोब्राज या नावाचा एक व्यावसायिक संघ आहे, हेही भाचा सांगेलच. परंतु त्याचे सामने दुबईत होतात आणि तेथेही आधी खेळता यावे लागते.

आणि मूळ मुद्दा. सीमारेषेवरची फेक धावत, उडी घेऊन केलेली असते आणि यष्टिरक्षक ती पकडायला दोन पावले सरकतो. पिचर दहा इंच उंच उंचवट्यावर, एका पांढऱ्या पट्टीला पाय लावून उभा असतो. धावत येणे नाही. समोर ६० फूट ६ इंचांवर सतरा इंच रुंदीची होम प्लेट (फलंदाजाजवळची जमिनीतली पाटी), आणि तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत, चेंडू न्यायचा. जोर असलेले हात जगात पुष्कळ आहेत. त्या चौकटीच्या हव्या त्या कोपऱ्यात, दमल्यावरही, चेंडू घालणारे थोडे. जेमी मॉयरचा चेंडू ताशी ८० मैलांच्या आसपासच घुटमळे, तरी २०१२ मध्ये वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने मेजर लीगचा सामना जिंकला.

भाच्याची परीक्षा घरबसल्या घेता येईल. भिंतीवर खडूने सतरा इंच रुंद चौकट आखा, टेपने अंतर मोजा, उजवा पाय वीटेला टेकवा आणि पन्नास चेंडू मोजून टाकायला सांगा. बेसबॉल मिळाला तर उत्तम. तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो आणि त्याची शिवण घोड्याच्या नालासारखी वळते. पहिली दोन बोटे त्या नालावर आडवी ठेवायची, अंगठा खाली, आणि तळहात व चेंडू यांत थोडी फट राहू द्यायची.

रात्रपाळी

मास्तरांच्या रिंकूला एक पुस्ती जोडतो. कुमार रॉकर हा टेक्सास रेंजर्सचा पिचर. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. तो अमेरिकेतच वाढला, महाविद्यालयात असताना २०१९ मध्ये त्याने एका सामन्यात १९ फलंदाज केवळ आपल्या फेकीवर (स्ट्राइकआउटने) बाद केले आणि एकही हिट दिली नाही, म्हणजे कोणालाही चेंडू मारून बेस गाठू दिला नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. खांद्याची शस्त्रक्रिया, एका स्वतंत्र लीगमध्ये काही सामने, २०२२ मध्ये पुन्हा ड्राफ्ट आणि या वेळी तिसरा क्रमांक, २०२३ मध्ये कोपर, आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये मेजर लीगचा पहिला सामना. ज्याच्याकडे सगळे होते त्याचा रस्ता हा असा.

गिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांची परीक्षा काल, बुधवारी संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर घेतली. अंतर पुरेना, म्हणून भाच्याला शेजारच्या वाडीच्या फाटकात उभे करावे लागले आणि दोन स्कूटर हलवाव्या लागल्या. बेसबॉल धोबीतलावच्या क्रीडा साहित्याच्या दुकानात तिसऱ्या फेरीत मिळाला.

मोजदाद मी केली. पहिल्या वीसपैकी आठ चेंडू चौकटीत लागले, दुसऱ्या वीसपैकी पाच, आणि शेवटच्या दहांपैकी एक. जोर मात्र असा की भिंतीचा पोपडा निघाला आणि तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पस्तिसाव्या चेंडूनंतर त्याचा खांदा खाली येऊ लागला, हे मला अडाण्यालाही दिसले. मुलगा गप्प झाला, मग खडूची चौकट पुन्हा गिरवून म्हणाला की उद्या शंभर टाकू. बहिणीला मी महाविद्यालयाच्या गुणांचे सांगितले आहे, त्यामुळे तूर्त ती माझ्यावर प्रसन्न आहे. आज संध्याकाळी पुन्हा जायचे ठरले आहे.

कोपर_आणि_खांदा

आज नको आणि शंभर तर मुळीच नको. पन्नास फेकी झाल्या, म्हणजे दोन दिवस विश्रांती; शनिवारी जा. तोवर क्रिकेटच्या सरावातही लांबून फेकायचे नाही, यष्ट्यांजवळ उभा राहू दे. शनिवारी तीसवर थांबा, आणि सुरुवात साठ फुटांवरून न करता तिसावरून करा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखले किंवा करंगळीत मुंग्या आल्या, तर चौकट पुसून आधी माझ्याकडे किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे या.